कुठून आला, कुठे वसला: पक्ष्यांचे पांगणे आणि जनुकांची साक्ष (प्रस्तावना)

वनपिंगळा नावाच्या लहानशा घुबडाचे जुने नमुने जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात. पहिला १८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्ल्यूइट यांना आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात मिळाला. अ‍ॅलन ह्यूम यांनी पुढच्याच वर्षी त्याचे वर्णन छापले आणि जातीला ब्ल्यूइट यांचे नाव दिले. नंतरचे बरेचसे नमुने जेम्स डेव्हिडसन या खान्देशात नेमणुकीवर असलेल्या मुलकी अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत पश्चिम खान्देशातून जमवले. १८८४ नंतर हा पक्षी कुणाच्या दृष्टीस पडला नाही. अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन यांच्या संग्रहात एक नमुना होता आणि त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधल्या मांडवीचे नाव होते. ही शेवटची खात्रीची नोंद मानून जाणकार पक्षीतज्ज्ञांनी रान तुडवले, पण हाती काही लागले नाही. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना क्ष-किरणांखाली तपासला, तेव्हा कातडे भरण्याची पद्धत डेव्हिडसनची निघाली. नमुना लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला होता आणि चिठ्ठी खोटी होती. मांडवी यादीतून वगळली गेली, खान्देशातल्या जुन्या नोंदींना पुन्हा महत्त्व आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, जिवंत वनपिंगळा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. १८८४ पासून मधे ११३ वर्षे गेली होती.

ही हकिगत बहुधा शोधमोहिमेची रोमांचक कथा म्हणून सांगितली जाते. या पुस्तकाच्या दृष्टीने तिच्यातली महत्त्वाची वस्तू म्हणजे ती चिठ्ठी. पक्षी हातात होता, त्याचे पीस न् पीस शाबूत होते, पण तो कुठला हे चुकल्याबरोबर त्याच्याविषयीचे सगळेच ज्ञान निरुपयोगी झाले. पक्षी जन्मला कुठे, वाढून वसला कुठे आणि त्याच्या पिल्लांनी कुठली वाट धरली, या प्रश्नांवर एक अख्खी विद्याशाखा उभी आहे. तिचा एक पाय रानात असतो आणि दुसरा प्रयोगशाळेत. मराठीत तिच्यावर सलग लेखन फारसे नाही, म्हणून वाचकाला आधी सगळा मुलूख दाखवणे आवश्यक आहे.

सुरुवातीलाच दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, तापी-पूर्णेच्या संगमाच्या परिसरात, दर हिवाळ्यात उत्तरेकडून चक्रवाक आणि इतर बदके उतरतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात. हे स्थलांतर. त्यात जाणे असते तसे येणेही असते. पांगणे ही निराळी गोष्ट आहे. पिल्लू आईबापाच्या हद्दीतून बाहेर पडते, रिकामी जागा शोधते, जोडीदार मिळवते आणि तिथेच घरटे करते. हा प्रवास आयुष्यात बहुधा एकदाच घडतो, बऱ्याचदा कुणाच्या नकळत, आणि तो पुरा होण्याआधीच अनेक पिल्ले मरतात. हिमालय ओलांडणाऱ्या पक्ष्याचे पिल्लूही विणीच्या हंगामात आपल्या जन्मस्थळाच्या आसपासच वसते, असे कितीतरी जातींत आढळले आहे. पंखांची ताकद आणि पांगण्याचे अंतर यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

त्यातही नर-मादीचा भेद आहे. पी. जे. ग्रीनवुड यांनी १९८० मध्ये दाखवले की पक्ष्यांत साधारणपणे माद्या दूर जातात आणि नर जवळ राहतात. सस्तन प्राण्यांत बहुधा उलट असते. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या ठिपकेदार घुबडांवर झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. त्यात जन्मस्थळापासून वसण्याच्या जागेपर्यंतचे मध्यक अंतर नरांच्या बाबतीत सुमारे १५ किलोमीटर आणि माद्यांच्या बाबतीत सुमारे २५ किलोमीटर निघाले. हे आकडे खान्देशच्या नकाशाशेजारी ठेवून पाहावेत. तोरणमाळ ते यावल अभयारण्य हे वनपिंगळ्याच्या दोन ठिकाणांमधले अंतर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते.

या शास्त्रातले सर्वांत बोलके धडे मिळाले ते मात्र समुद्राकाठी, भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या खाजणांत. खाजण ही तुटक जागा आहे. एका खाडीच्या तोंडाशी खारे गवत असते, मग कोरडा किनारा किंवा शहर, आणि पुन्हा काही मैलांवर दुसरे खाजण. त्यात राहणारा पक्षी या तुकड्यांना बांधलेला असतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा सॉल्टमार्श स्पॅरो गवतात, भरतीच्या रेषेच्या जेमतेम वर घरटे बांधतो. एका मोठ्या उधाणापासून पुढच्या मोठ्या उधाणापर्यंतच्या साधारण चार आठवड्यांत अंडी उबवून पिल्ले बाहेर काढावी लागतात. समुद्राची पातळी थोडी वाढली तरी हे गणित कोसळते. १९९८ ते २०१२ या काळात त्याची संख्या दर वर्षी सुमारे ९ टक्क्यांनी घटत गेली.

त्याच कुळातल्या डस्की सीसाइड स्पॅरो या पक्ष्याची कथा अधिक गंभीर आहे. फ्लोरिडातल्या मेरिट बेटावर आणि सेंट जॉन्स नदीच्या काठच्या दलदलीत तो राहत असे. डासांच्या बंदोबस्तासाठी खाजणे पाण्याखाली बुडवली गेली, नदीकाठची दलदल सुकवली गेली, आणि १९८० च्या सुमारास हाती उरले फक्त नर. वंश टिकावा म्हणून त्यांची जोडी मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या उपजातीच्या माद्यांशी लावली गेली. शेवटचा शुद्ध नर १७ जून १९८७ रोजी मेला. दोन वर्षांनी जॉन एव्हिस आणि विल्यम नेल्सन यांनी या पक्ष्यांच्या मायटोकाँड्रियल डीएनएचा, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या जनुकीय वारशाचा, तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. डस्की हा अटलांटिक किनाऱ्यावरच्या इतर सीसाइड स्पॅरोंपासून जवळजवळ वेगळा काढता येत नव्हता. आखाताकडचे पक्षी मात्र फार पूर्वी फुटलेल्या फांदीवरचे होते. जोडी लावायचीच होती तर ती शेजारच्या किनाऱ्यावरच्या माद्यांशी लावायला हवी होती. वर्गीकरण पिसांच्या रंगावर उभे होते आणि रंगाने दिशाभूल केली. संवर्धनाच्या कामात जनुकशास्त्राला मानाचे स्थान मिळाले ते अशा प्रसंगांमुळे.

इथवर पोचायला या विद्येला शतकभर लागले.

नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीनंतरचा टप्पा जिवंत पक्ष्याच्या पायातल्या कड्याचा. डेन्मार्कमधले शिक्षक हान्स मोर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये क्रमांक आणि पत्ता कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंगांच्या पायात अडकवली. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम १९२७ मध्ये धार संस्थानच्या महाराजांच्या साहाय्याने सुरू केले. सातपुड्याच्या पलीकडचे, मराठ्यांचे हे संस्थान खान्देशापासून लांब नाही, आणि भारतीय पक्षीशास्त्राच्या इतिहासात त्याचा उल्लेख फार कमी होतो याचे वाईट वाटते. १९५९ पासून सालिम अलींच्या नेतृत्वाखाली सोसायटीने स्थलांतराचा मोठा प्रकल्प चालवला, त्यामागे पक्ष्यांबरोबर रोग पसरतात का हा आरोग्यविषयक प्रश्न होता. आता कड्याच्या जोडीला पाठीवरचे उपग्रह-यंत्र आले. २०१३ मध्ये नागालँडात यंत्रे बसवलेले अमूर ससाणे भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिणेपर्यंत गेले, तो मार्ग जगाने दिवसागणिक पाहिला. ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांवरही सोसायटीने २०२२ मध्ये अशी यंत्रे बसवली. पण कडे असो वा यंत्र, ते एका पक्ष्याची वाट सांगते. त्या पक्ष्याने नव्या जागी प्रजनन केले का, त्याची संतती टिकली का, हे त्यातून कळत नाही.

त्या प्रश्नाची चौकट गणितज्ञांनी घातली. रोनाल्ड फिशर, जे. बी. एस. हाल्डेन आणि स्यूअल राइट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मेंडेलचे नियम संपूर्ण समूहाला लावले. यातले हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. पांगण्याच्या अभ्यासाला सर्वांत जवळचा आहे तो राइट. समूह लहान असला की प्रत्येक पिढीत काही जनुके निव्वळ योगायोगाने गळतात, गुण-दोषाचा त्यात संबंध नसतो, हे त्याने दाखवले. १९४३ मध्ये त्याने अंतर वाढते तसा जनुकीय दुरावा कसा वाढतो, तेही मांडले. खेड्यांतल्या सोयरिकींवरून हे चटकन समजते: पंचक्रोशीबाहेर सोयरीक होत राहिली तर गावांची रक्ते मिसळलेली राहतात, गावातल्या गावातच लग्ने लागू लागली की चार पिढ्यांत सगळे एकमेकांचे नातलग होतात. राइटच्या गणितातून पुढे एक ढोबळ नियम निघाला. दर पिढीला एखादा परका पक्षी येऊन विणीत सहभागी झाला तरी दोन समूह जनुकीयदृष्ट्या पार तुटत नाहीत. एक हा आकडा ऐकायला किरकोळ आहे. केळीच्या बागा, कपाशीची शेते, महामार्ग आणि गावे ओलांडून तो एक पक्षी यायचा असतो, हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते.

गणित तयार होते, पण मोजायला साधन नव्हते. १९६६ मध्ये लेवॉन्टिन आणि हबी यांनी प्रथिनांतले भेद विजेच्या साहाय्याने वेगळे करून निसर्गातले वैविध्य प्रथमच मोठ्या प्रमाणावर मोजले, आणि ते अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघाले. दोन वर्षांनी मोतू किमुरा यांनी म्हटले की यातले बहुतेक बदल निवडीला पारखे, तटस्थ असतात. निवड की योगायोग, हा वाद तेव्हापासून पेटला आणि तो अजून शमलेला नाही. १९८० च्या दशकात डीएनएचा सूक्ष्म अंश वाढवून घेण्याचे पीसीआर तंत्र आले आणि गळून पडलेले पीस किंवा संग्रहालयातल्या कातड्याच्या पंजाचा कण पुरेसा ठरू लागला. १९८७ मध्ये एव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंशावळ आणि भूगोल एकत्र वाचण्याच्या शाखेला नाव दिले. एकविसाव्या शतकात तिला भूदृश्याची जोड मिळाली: दोन समूहांमध्ये अंतर किती यापेक्षा त्या अंतरात काय आहे, हा प्रश्न पुढे आला. पुस्तकाचा कल उघडपणे या शेवटच्या शाखेकडे आहे.

भारतात या विद्येचे उत्तम काम दक्षिणेच्या डोंगरमाथ्यांवर झाले. व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी शोला रानातल्या पक्ष्यांचा अभ्यास केला. २०१५ च्या त्यांच्या निबंधात २३ जातींची तुलना आहे. पालघाटची आणि शेंकोट्टाची खिंड अनेक जातींना आडवी आली, पण सर्वांना सारखी नाही. जी दरी एकाला भिंत ठरली ती दुसऱ्याने ओलांडली. माळढोकाची गोष्ट निराळी. सोलापूरच्या नान्नजमुळे हा पक्षी मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. फराह इश्तियाक आणि सहकाऱ्यांनी पाच राज्यांतले ६३ नमुने तपासून २०११ मध्ये दाखवले की त्याच्या मायटोकाँड्रियल डीएनएतले वैविध्य फारच तोकडे आहे. भूतकाळातच कधीतरी हा पक्षी एका अरुंद वाटेतून गेला असावा, आणि आज तो पुन्हा तशाच वाटेत अडकला आहे.

वनपिंगळ्याकडे वळले की या सगळ्या धाग्यांची गाठ खान्देशात पडते. पक्षी मुळातच लक्षवेधी आहे. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. याचे डोके जवळजवळ साधे. पाय दणकट आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले. भर दिवसा, सकाळच्या उन्हात, निष्पर्ण फांदीच्या टोकाशी ताठ बसतो आणि शेपटी झटक्याने डावी-उजवीकडे हलवतो. सरडे, साप-सुरळ्या, उंदीर हे त्याचे खाद्य, आणि घरटे म्हणजे जुन्या झाडातली ढोली. साग, सालई, मोह असलेले उघडेसे रान त्याला मानवते. त्याच्या वर्तनाचा पहिला सविस्तर अभ्यास इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळ परिसरात केला. त्याच्या वंशाचा प्रश्न २०१८ मध्ये सुटला. ह्यूम यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती मानली होती. प्रतिमा वाटावी इतका तो पिंगळ्यासारखा दिसतो म्हणून काहींनी त्याला पिंगळ्यांतच घातले होते. डीएनए तपासल्यावर तो पिंगळ्यांच्याच शाखेत बसला, पण नात्यातल्या पिंगळ्यांपासून त्याची फारकत चाळीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी झालेली निघाली. वंशाचे कोडे असे सुटले. समूहासमूहांमधली ये-जा हा पुढचा प्रश्न आहे, आणि पुस्तकाचा जीव त्यात आहे.

कारण १९९७ नंतर या पक्ष्याचा नकाशा वाढत गेला. तोरणमाळ, यावल, मेळघाट, बऱ्हाणपूरचे खकनार, डांगमधले पूर्णा अभयारण्य, आणि २०१४ मध्ये चक्क मुंबईजवळचे तानसा. तानसा तोरणमाळपासून अडीचशे किलोमीटरहून दूर आहे. याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, पक्षी रान पाहत पाहत दक्षिणेकडे सरकला. दुसरा, तो तिथे आधीपासून होता आणि पाहणाऱ्यांनी त्याला साधा पिंगळा समजून सोडून दिले. पहिला खरा असेल तर तानशाचे पक्षी सातपुड्याच्या पक्ष्यांचे जवळचे नातलग असतील आणि त्यांच्यातले वैविध्य थोडे असेल, कारण चारदोन पाहुण्यांपासून समूह उभा राहिला. दुसरा खरा असेल तर त्यांचा स्वतःचा जुना ठसा जनुकांत दिसेल. हे दोन अर्थ दुर्बिणीतून वेगळे करता येत नाहीत. जनुकांतून येतात.

हा भेद संशोधकांपुरता राहत नाही. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत वनपिंगळ्याचा दर्जा अतिसंकटग्रस्त वरून संकटग्रस्त असा बदलला, याचे मोठे कारण नव्या जागा सापडल्या हे होते. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज २५० ते ९९९ असा दिला जातो. पण समजा पाचशे पक्षी असतील, तर ते एकत्र जोडलेले असणे आणि पन्नास-पन्नासांच्या दहा तुटक टोळ्या असणे यात जीवन-मरणाचा फरक आहे. इलिनॉयमधल्या प्रेअरी चिकनचा ३५ वर्षांचा अभ्यास इथे डोळ्यांसमोर ठेवावा. १९६२ मध्ये सुमारे दोन हजार असलेले हे माळरानी पक्षी १९९४ पर्यंत पन्नासच्या खाली आले. गवत सुधारूनही अंडी फुटण्याचे प्रमाण घसरतच राहिले. १९९२ पासून इतर राज्यांतले पक्षी आणून सोडले, तेव्हा ते सावरले. म्हणजे अधिवास होता, पण बाहेरून नवे रक्त येत नव्हते.

इलिनॉयने मिसळणे तारक ठरवले, फ्लोरिडाने चुकीचे मिसळणे व्यर्थ असते हे दाखवले. या दोन उदाहरणांवरून अभ्यासकांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, प्रत्येक स्थानिक समूहाचे वेगळेपण जपा. दुसरा म्हणतो, वेगळेपण हे बऱ्याचदा आपणच केलेल्या तुकड्यांचे फळ असते, ते पूजण्यात अर्थ नाही. पुस्तक दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडते. प्रस्तुत प्रस्तावनेचा कौल मात्र स्पष्ट आहे: पक्षी उचलून नेण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी पक्ष्याला स्वतःच्या पंखांनी जाता येईल एवढी झाडे वाटेत उभी राहू द्यावीत.

ही वाट कुठून जाते? सातपुड्याचा कणा पूर्व-पश्चिम धावतो, आणि त्याच्यावरचे रान हा या पक्ष्याचा नैसर्गिक रस्ता. यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले, क्षेत्र १७७ चौरस किलोमीटरच्या थोडे वर. गेल्या काही दशकांत त्याच्या आत आणि भोवती अतिक्रमणे झाली, झाडे तुटली. तापीच्या काळ्या मातीत रावेर-यावलच्या केळीबागा लांबवर पसरल्या आहेत. त्या हिरव्या असल्या तरी ढोली असलेले म्हातारे झाड त्यांत नाही. डोंगरातल्या भिल्ल, पावरा, तडवी वस्त्यांचा जमिनीवरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे, आणि त्यांना वगळून आखलेली कुठलीही वाट टिकणार नाही. दाट राखीव जंगलापेक्षा जपून वापरलेले उघडे रान या घुबडाला सोयीचे असते, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. प्रश्न माणूस असण्याचा नसून जुनी झाडे उरण्याचा आहे. शेताच्या बांधावरचा पोकळ मोह वाचला तर तो रान आणि रान यांमधला मुक्काम होऊ शकतो.

खाजणातल्या पक्ष्यापासून सागाच्या रानातल्या घुबडापर्यंत एवढी लांब उडी पुस्तक का घेते, याचे उत्तर आता वाचकाच्या ध्यानात आले असेल. दोघेही तुकड्यांत राहतात. दोघांच्याही तुकड्यांमधली जागा माणसाने बदलली. खाजणातल्या पक्ष्यावर अनेक वर्षांचे जनुकीय काम झाले आहे आणि त्यातली रीत दुसऱ्यासाठी वापरता येते. पुस्तक त्या रीतीची ओळख करून देते: नमुना कसा घेतात, किती नमुने पुरेसे मानतात, आकडे कुठे फसवतात आणि निष्कर्ष कितपत ताणावा. बंगळुरू, हैदराबाद, तिरुपती, डेहराडून इथल्या संस्थांत हे तंत्र आज उपलब्ध आहे. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतल्या आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने ते परके समजू नये, ही या लेखनामागची उघड इच्छा आहे.

दोन गोष्टी वाचकाने आधीच जाणून घ्याव्यात. वनपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचे गळलेले पीससुद्धा वनविभागाच्या परवानगीवाचून उचलता येत नाही. आणि घुबडांची चोरटी विक्री अजून चालते, म्हणून पुस्तकात घरट्यांची नेमकी ठिकाणे दिलेली नाहीत. तालुका आणि वनपरिक्षेत्र एवढ्यावर नोंदी थांबवल्या आहेत. बाकी तारीख, वेळ, झाड, उंची, पक्षी काय करत होता, किती वेळ दिसला आणि कोणी पाहिला हे सगळे जसेच्या तसे ठेवले आहे. शंका असलेल्या नोंदी गाळलेल्या नाहीत, त्यांच्यापुढे शंका लिहिली आहे. वाचणाऱ्याने आपल्या नोंदीही याच शिस्तीने ठेवाव्यात, कारण पुढच्या दहा वर्षांत यावल, तोरणमाळ आणि तानशाचे नमुने एका टेबलावर येतील तेव्हा त्यांच्याशी ताडून पाहायला याच वह्या लागणार आहेत.